अनुभव धागा : मनातलं लिहायचं, पण शिक्का बसू द्यायचा नाही

सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची तक्रार लिहिली की माणूस ‘कटकट्या’ होतो. नाटक आवडलं नाही म्हटलं की ‘जळतो’, आणि आरक्षणावर दोन ओळी लिहिल्या की थेट कुठल्यातरी कंपूत रवानगी. ज्यांचं रोजचं काम लिहिण्याचं किंवा दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्याचं आहे, त्यांनी सांगावं : नेमकं कुठे बिनसतं आणि काय केलं की टळतं? आपबीती नको, कृती सांगा.

लाल शाई
वाचकांच्या पत्रांत घोळ बहुधा पहिल्याच ओळीत असतो. ‘मी अजिबात जातीयवादी नाही, पण…’ अशी सुरुवात झाली की वाचक ‘पण’च्या पुढे शिक्का हातात घेऊनच जातो. ही ओळ पूर्ण खोडा, मुद्दा तसाच उभा राहतो.

मग सर्वनामं तपासा. ज्यांच्यावर टीका आहे त्यांना एकेरी आणि आपल्या बाजूच्यांना आदरार्थी, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, वाचणाऱ्याला मात्र पहिल्या फटक्यात दिसतं. ‘हे लोक’, ‘तुम्ही लोक’ असेल तिथे नेमके कोण ते लिहा. ते लिहिता येत नसेल तर विधानच कच्चं आहे.

शेवटी बारीक अक्षरं. ‘तिनेसुद्धा हिशेब चोख ठेवला’ यातला ‘सुद्धा’ कौतुकाचा चिमटा करून टाकतो. ‘म्हणे’, ‘तथाकथित’, उगाच घातलेली अवतरणचिन्हं आणि वाक्याच्या शेवटी सोडलेले तीन टिंब, सगळ्यांचं काम एकच : न बोलता टोमणा मारणं. टोमणाच मारायचा असेल तर जरूर ठेवा, पण मग ‘माझा तसा हेतू नव्हता’ म्हणायची सोय राहत नाही.

बी विंग
तक्रारीत तीन गोष्टी, याच क्रमाने : काय दिसलं, त्याने काय अडलं, काय हवं. ‘कमिटी झोपली आहे का?’ याला उत्तर येत नाही, भांडण येतं. त्याऐवजी : ‘१२ ते १५ तारखेला बी विंगचं पाणी सकाळी सातलाच गेलं, वेळापत्रकात साडेआठ आहे. शाळेची मुलं निघायच्या आत पाणी संपतं. व्हॉल्व्ह कोण बंद करतं आणि त्याची वेळ कुठे लिहून ठेवली जाते?’ यात कुणाच्या स्वभावाबद्दल चकार शब्द नाही, त्यामुळे उत्तरही व्हॉल्व्हबद्दलच द्यावं लागतं.

ग्रुपवर फक्त प्रश्न विचारावा. आरोप करायचा असेल तर तो लेखी अर्जात, दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेऊन. रात्री अकरानंतर ग्रुपवर काहीही लिहू नये, हे वेगळं सांगायला नको.

कात्री
स्क्रीनशॉटचा विचार करून लिहा. लांब मजकूर फोनवर आधी अर्धवटच दिसतो, बाकीचा ‘आणखी वाचा’च्या मागे लपतो, आणि बरेच जण तिथपर्यंत जात नाहीत. म्हणून दावा वर आणि त्याची अट चार परिच्छेद खाली, असं करू नका. ‘खासगी क्लास निरुपयोगी आहेत’ असं लिहून खाली ‘अर्थात ज्यांना शाळेत नीट शिकवलं जातं त्यांच्यासाठी’ म्हणालात, तर फिरणार पहिलंच वाक्य. अट त्याच वाक्यात घाला. पाठवण्यापूर्वी प्रत्येक परिच्छेद एकटा वाचून बघा. एकट्याने उलटा अर्थ देत असेल तो पुन्हा लिहा.

वकिली चष्मा
‘६६अ गेलं, आता काही होत नाही’ हा समज सोडा. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, पण बदनामीचं कलम वेगळं आहे आणि २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने ते घटनेला धरून असल्याचं सांगितलं. पूर्वी दंड संहितेत ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

लोक तीन ठिकाणी फसतात. एक, ‘नाव कुठे घेतलंय?’ : वर्णनावरून माणूस ओळखू येत असेल तर नाव न घेतल्याने सुटका नाही. दोन, ‘ग्रुप खासगी आहे’ : तिसऱ्या माणसाने वाचलं की ते प्रसिद्ध झालं. तीन, ‘खरं तेच लिहिलंय’ : फौजदारी खटल्यात खरेपणा एकटा पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

मत मात्र मोकळेपणाने लिहा. लोकांपुढे आलेल्या नाटकावर, पुस्तकावर सद्भावनेने दिलेलं मत बदनामीच्या कलमातल्या अपवादांत मोडतं. फक्त मत ज्यावर उभं आहे ते शेजारीच लिहा : ‘दुसऱ्या अंकात तीच माहिती तीन प्रसंगांत येते, म्हणून कंटाळवाणं झालं.’ ‘दिग्दर्शकाने पैसे खाल्ले’ हे मत होत नाही, तो आरोप आहे.

सुरतेचा खटला
वरचं सगळं ठीक, पण सारखी कडा घासत बसलं की धारच उरत नाही. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर चर्चा रंगली, आणि १८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. त्यात अटी-शर्ती नाहीत. बायकांवर लावलेला एकेक दोष उचलून पुरुषांच्या पदरात घातलाय. टीका झालीच, १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली. स्वर मऊ केला असता तर त्या लेखनात राहिलं काय असतं? राग मुद्द्याचाच भाग असेल तर तो ठेवा. बी विंगच्या पाण्याला ही सूट नाही.

लाल शाई
मान्य. फक्त त्यांचा राग दोषांच्या यादीवर उभा आहे, नुसत्या विशेषणांवर नाही.

शांत खोली
मनाच्या आजाराबद्दल लिहिताना निदानाचं नाव आधी घेऊ नका, वाचणारा तेवढंच लक्षात ठेवतो. काय होतंय आणि किती दिवस, ते लिहा : ‘तीन आठवडे पहाटे चारला जाग येते, दुपारनंतर आकडे डोक्यात शिरत नाहीत.’ वरिष्ठांना पाठवताना याहूनही कमी : वैद्यकीय उपचार सुरू आहेत, अमुक तारखेपर्यंत रजा हवी, तोवर काम कोणाकडे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ उपचार करणाऱ्यांना गुप्तता पाळायला लावतं; सहकाऱ्यांच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः टाकलेलं मात्र ते झाकू शकत नाही.

कात्री
एक राहिलं. कुणाची हरकत बरोबर निघाली तर मजकूर गुपचूप उडवू नका, जुना स्क्रीनशॉट फिरत असतोच. वाक्य बदला आणि खाली तारखेसह एक ओळ टाका : आधी काय होतं, आता काय आहे. हरकत चुकीची असेल तर एकदाच उत्तर द्या, त्यांचंच वाक्य वर उतरवून. तिसऱ्या उत्तरापर्यंत विषय पाण्याचा राहत नाही, तुमचा होतो.