राडारोडा: मापापेक्षा वजन बघा

घरातली तोडफोड झाल्यावर राडारोडा न्यायला केवढा कंटेनर मागवायचा, ते भिंतींची मापं घेऊन ठरवा, असं कुणीतरी म्हटलंय. ते अर्धंच बरोबर, कारण फोडलेला माल फुगतो. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली दोन बाथरूम फोडली, हिशोबाने एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट, राडारोडा निघायला हवा होता. भरला जवळपास दीड. शिवाय विटा-फरशीचं वजन इतकं, की काठोकाठ भरलेला कंटेनर उचलायला गाडीवाल्याने साफ नकार दिला. निम्मा माल परत गोण्यांत! तेव्हा वजनाची मर्यादा आधीच विचारा.

आणि कंटेनरखाली फळ्या टाका. आमचे पार्किंगमधले चार पेव्हर ब्लॉक फुटले, सेक्रेटरींची बोलणी वेगळीच. माल पुणे महापालिकेच्या वाघोलीतल्या राडारोडा प्रक्रिया प्रकल्पात जातोय की नदीपात्रात, हेही ठरवतानाच विचारून घ्या.