तेल लावूनही अंग कोरडंच राहतं, काय करू?

आंघोळीनंतर अंग खसाखसा पुसून खोबरेल तेल लावते. तासाभरात नडग्या पुन्हा पांढुरक्या. नखाने ओढलं की रेघ उमटते, टाचा चादरीत अडकतात. तेल बदलू की मॉइश्चरायझर घेऊ?

प्रतिसाद १
तेल राहू द्या, लावायची वेळ बदला. तेलात पाणी नसतंच, त्यामुळे ते ओलावा देत नाही. असलेला उडू देत नाही, एवढंच. तुम्ही अंग खडखडीत कोरडं करून मग तेल लावताय, म्हणजे अडवायला काही उरतच नाही! टॉवेलने नुसतं टिपा आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावा. त्वचा फारच कोरडी असेल तर आधी ग्लिसरीनचं क्रीम, वर तेलाचा पातळ हात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. लोशनपेक्षा घट्ट क्रीम बरं, लोशनमध्ये पाणीच जास्त. सुवासिक काही नको. मीही बरीच वर्षं तुमच्यासारखीच चूक करत होते, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय. आणि हो, पाणी कोमट घ्या, ५ ते १० मिनिटांत आंघोळ उरका.

प्रतिसाद २
कोरड्या त्वचेला ऑलिव्ह तेल लावू नका. त्यातल्या ओलेइक आम्लाने त्वचेचा वरचा संरक्षक थर कमकुवत होतो. सूर्यफुलाचं तेल त्यापेक्षा चांगलं. मुरुमं येत असतील तर चेहऱ्याला खोबरेलही नको.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार! आणि टाचांचं काय?

प्रतिसाद १
रात्री पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवून टिपा, १० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम चोळा, वर पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे. युरियाने जाड कातडी मऊ पडते. भेग उघडी असेल तर मात्र तो सणकून झोंबतो, तेव्हा ती भरेपर्यंत नुसती जेली. मोज्यांशिवाय फरशीवर चालू नका, पाय सटकतो.

प्रतिसाद ३
मधुमेह असेल तर टाचेच्या भेगांवर घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा. खाजेने झोपमोड होत असेल किंवा चट्ट्यांतून पाणी येत असेल तरीही.

मूळ प्रश्नकर्ती
मधुमेह नाही. दहा दिवस झाले. आज नडगीवर नख ओढून पाहिलं, रेघ नाही! टाचा अजून खरखरीत आहेत, मोजे चालू ठेवलेत.