बेसबॉल मॅनेजमेंट गेममधल्या दुखापती खऱ्यासारख्या कशा करायच्या?

पार्कमैदान_कॅचर (सोलापूर)

नमस्कार मंडळी. वर्षभर झालं, रात्री जेवणं उरकली की मी एक बेसबॉल मॅनेजमेंट गेम लिहीत बसतो. पायथनमध्ये आहे, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि तक्ते. आठ संघ, १६२ सामन्यांचा हंगाम, पगार, अदलाबदल, सगळं चालतं. रविवारी आम्ही चौघं मित्र आमच्या घरी बसून हंगाम पुढे नेतो. गाडी अडलीय ती दुखापतींपाशी.

सध्या दर सामन्याला प्रत्येक खेळाडूवर शंभरात एक असा फासा पडतो. लागला की ५ ते ६० मधला कुठलाही आकडा निघतो, तेवढे दिवस तो बाहेर. कागदावर हिशेब मांडला तर १६२ सामने धडधाकट पार पडायची शक्यता जेमतेम २० टक्के निघाली. म्हणजे दहातले आठजण एकदा तरी पडणार, मग तो रोज खेळणारा शॉर्टस्टॉप (आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक) असो की आठवड्यातून एकदा येणारा पिचर (चेंडू फेकणारा). फासा हलका केला, तरी मनाला पटेना.

का पटेना ते सांगतो. कॉलेजात मी कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारा, होतो. आमच्या मुख्य पिचरचं कोपर विभागीय सामन्यांच्या आधी तीन आठवडे दुखत होतं. त्याने सरांना सांगितलं नाही. मलाही सांगितलं नाही, पण मला कळलं होतं. त्याचा चेंडू ग्लोव्हमध्ये ‘चट्’ वाजायचा, तो ‘थप्’ वाजायला लागला होता. दर चेंडूनंतर हात झटकायचा. सामन्यात चौथ्या इनिंगला कोपर धरून खाली बसला, तो परत कधी पिच करायला उभा राहिला नाही. मी आधीच बोलायला हवं होतं, हे अजून डोक्यातून जात नाही.

माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे मागांची देखभाल बघतात. माग बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, आणि तो ऐकून ते माग चालवणाऱ्याला थांबवतात. माझ्या गेममध्ये मॅनेजरला तो आवाज ऐकू यायला हवा. ऐकूनही त्याला चूक करता यायला हवी. हे कसं बसवायचं, सांगा की.

फिजिओ_सातरस्ता

तुमच्या मित्राचं कोपर आतल्या बाजूने दुखत होतं का? तिथे एक लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारा पट्टा) असतं, ओव्हरहँड, म्हणजे हात खांद्यावरून आणून, फेकताना त्याच्यावर मोठा ताण येतो. बहुतेक वेळा ते एका चेंडूत तुटत नाही. बारीक बारीक इजा साठत जातात, भरून यायला वेळ मिळाला नाही की एक दिवस सुटतं. म्हणून पिचरला सामन्यागणिक फासा नको, चेंडूगणिक भार हवा, आणि जोरात फेकणाऱ्याचा भार जास्त.

दिवसही भूमिकेवरून ठरवा. दुखापत तीच असली तरी बॅटर लवकर येतो, पिचर उशिरा. अमेरिकन बॅटर ब्राइस हार्परच्या कोपरावर नोव्हेंबर २०२२ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया (याच लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात ती) झाली, २ मे २०२३ ला तो बॅटिंगला उभा होता. पिचरला याच शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने धरावे लागतात. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओतानीने कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर २०२४ चा अख्खा हंगाम एकही चेंडू न टाकता खेळला आणि ५४ होमरन मारले. तुमच्या गेममध्ये ‘बाहेर’ आणि ‘आत’ एवढंच असेल, तर असा खेळाडू त्यात मावणारच नाही.

आणखी एक. मांडीमागचा स्नायू एकदा ताणला गेला की तो पुन्हा ताणला जायचा धोका वाढतो, घाईने परतला तर फारच. जुनी दुखापत पुसून टाकू नका, खेळाडूच्या नोंदीत राहू द्या.

आकडेमोड_पुणे

दोन वेगळ्या मोजण्या ठेव. एक थकवा, जो विश्रांतीने रोज उतरतो. दुसरी झीज, जी फार हळू उतरते, किंवा उतरतच नाही. थकलेला असताना टाकलेला प्रत्येक चेंडू झिजेत जास्त भर घालेल आणि दुखापतीची शक्यता झिजेवरून निघेल. ५ ते ६० मधला सरसकट आकडा काढून टाक. किरकोळ दुखापती ढिगाने, महिन्याभराच्या थोड्या, वर्ष खाणाऱ्या मोजक्या, अशी उतरण लागते. पायथनच्या रँडम मोड्यूलमधलं लॉगनॉर्मव्हेरिएट हे फंक्शन त्यासाठी चालेल.

आवाजाचं म्हणशील तर झिजेचा आकडा मॅनेजरला कधीच दाखवू नकोस. झीज वाढली की चेंडूचा वेग आणि नेम आतून थोडा पाड, आणि फक्त तो वेग तक्त्यात छाप. ज्याचं लक्ष असेल त्याला दिसेल.

निवृत्त_क्रीडाशिक्षक

बाळ, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मुलं दुखणं लपवतात, कारण जागा जाईल ही भीती असते. तुझ्या खेळाडूंना हा स्वभाव दे. बाकावरचा राखीव पिचर चांगला असला की मुख्य पिचर जास्त लपवेल. पूर्वी खरं सांगितल्यावर ज्या मॅनेजरने विश्रांती दिली, त्याला पुढेही खरं सांगेल.

तरुण खेळाडूंचा विभाग करणार असशील तर अमेरिकेतले २०१४ चे ‘पिच स्मार्ट’ नियम घे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, आणि ७६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. पिचरला कॅचर म्हणूनही उभं करू नये, असंही त्यात आहे. आम्ही मैदानावर एकाच मुलाला दोन्ही कामं लावायचो. तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

पार्कमैदान_कॅचर (सोलापूर)

ताई, हो, आतल्याच बाजूने. मला आठवतंय, तो अंगठ्याने तिथेच दाबत बसायचा.

दोन्ही मोजण्या आणि सरांनी सांगितलेला लपवण्याचा स्वभाव शनिवारी रात्री घातला. टॉमी जॉनचं नाव आलंच आहे, तर शस्त्रक्रियेनंतर झीज बरीच खाली आणायची असं ठरवलं. ती पहिल्यांदा ज्या पिचरवर झाली तोच हा टॉमी जॉन; १९७४ साली शस्त्रक्रिया होऊन तो १९७६ ला परतला आणि पुढे १६४ सामने जिंकला, तेव्हा गेममध्येही परतीची वाट खरीखुरी हवी.

काल चौघं बसलो. एका मित्राच्या पहिल्या नंबरच्या पिचरचा वेग तीन सामन्यांत ताशी ९५ मैलांवरून ९३ वर आला. विचारलं तर पिचरचं उत्तर, ‘ठीक आहे.’ मित्र पहिल्या जागेसाठी लढत होता, त्याने त्याला चौथ्या दिवशीच पुन्हा उतरवलं. सहाव्या इनिंगला कोपर गेलं, चौदा महिने. मित्र जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मागचे तक्ते उघड.” आम्ही शेंगा चटणी आणि कडक भाकरी खात एकेका सामन्यातला वेग खालपासून वरपर्यंत वाचत गेलो. सगळं तिथे छापलेलं होतं.

आता कॅचर राहिलाय. फाउल टिप (बॅटला ओझरता लागून आलेला चेंडू) मास्कवर बसते त्याला सात दिवसांची कन्कशन यादी (डोक्याला मार बसलेल्याला बाहेर ठेवण्याची) लावतोय, अमेरिकेत ती २०११ पासून आहे. पण उघड्या हाताच्या बोटावर चेंडू बसतो, त्याचं काय करू? माझी करंगळी अजून वाकडी आहे, आणि मी दुसऱ्याच दिवशी पट्टी बांधून खेळलो होतो. ताई, मोडलेल्या बोटाला किती दिवस धरू, आणि पट्टी बांधून खेळवलं तर थ्रो किती बिघडवू?