बी-३०४ ची कॅम्पर व्हॅन: बंद पडणारा फ्रीज आणि तापणारं इंजिन

मंगळवार

बी-३०४: सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीत बी विंगच्या कोपऱ्यात उभी असते ती पांढरी कॅम्पर व्हॅन आमची. जानेवारीत सेकंडहँड घेतली. मूळ २०१४ ची सतरा सीटर, आतलं काम आधीच्या मालकानं करून घेतलेलं. दोन बेड, सिंक, बारा व्होल्टचा फ्रीज, छतावर सोलर. गेल्या आठवड्यात गुहागरला जाऊन आलो. तिथं रोज रात्री दोन-अडीचला फ्रीज बंद पडायचा आणि त्याचा लाल दिवा थोड्या थोड्या वेळानं एकदा लुकलुकायचा. सकाळी इंजिन चालू केलं की फ्रीज आपोआप सुरू. येताना कुंभार्ली घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, गाडी बाजूला घेईपर्यंत टाकीतून पाणी उकळून बाहेर. पुढे पाटण सोडल्यावर अंधार पडला, हेडलाइट लावले, तर सपाट रस्त्यावर काटा परत वर! गॅरेजवाला म्हणतो दीडशे एएचची (अँपिअर-अवरची) नवी बॅटरी टाका आणि रेडिएटर बदला. आईचं इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये असतं, त्यामुळे अंदाजानं काही करायचं नाहीये. १ मे ला वेंगुर्ल्याला निघायचंय. कोणाला यातलं कळतं का?

सी-२०१ काकू: अरे बापरे, आईंचं इन्सुलिन टाकून दिलंस ना? की तेच चालू आहे?

बी-३०४: टाकलं काकू. नवीन आणलं.

ए-१०२ नाना: बॅटरी आणि रेडिएटर, दोन्हीचे पैसे अजून देऊ नकोस. तू सांगितलंस ते एक दुखणं नाही, तीन आहेत. फ्रीज रात्री बंद पडतो ते एक, घाटात खरोखर पाणी उकळलं ते दुसरं, आणि हेडलाइट लावल्यावर काटा चढला ते तिसरं. तिसऱ्यात गाडी तापलेलीच नसणार. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं वायरिंग केलंय, दिवे लावल्यावर काटा हलला की आधी डॅशबोर्डचं अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी बघायची.

ए-१०२ नाना: आता फ्रीज. एकदा लुकलुकतो म्हणजे कंप्रेसर सांगतोय की माझ्यापर्यंत पुरेसे व्होल्ट येत नाहीत. बॅटरीत आहेत की नाहीत हे तो सांगत नाही. सकाळी इंजिन चालू झाल्यावर डायनॅमो चौदाच्या आसपास देतो, वाटेत एक-सव्वा व्होल्ट गळले तरी फ्रीजचं भागतं. रात्री नुसत्या बॅटरीवर भागत नाही. तेव्हा मल्टीमीटर घे, वीस व्होल्ट डीसीवर ठेव. एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर मोज, एकदा फ्रीजच्या मागे जिथं वायर जोडलीय तिथं. दोन्ही वेळा कंप्रेसर चालू असला पाहिजे. बंद असताना मोजलंस तर सगळं छान दिसेल, कारण करंट वाहत नसेल तर वायरीत व्होल्टेज पडतच नाही. इथंच लोक फसतात आणि बॅटऱ्या बदलत बसतात.

डी-४०१: नाना बरोबर बोलतायत. माझ्या टूरच्या गाडीला दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, शेवटी इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली निघाली.

बुधवार

बी-३०४: मोजलं नाना. बॅटरीवर १२.४, फ्रीजच्या मागे ११.१.

ए-१०२ नाना: १.३ व्होल्ट वाटेतच गेले. वायर केवढी आहे? आणि किती लांबून आणलीय?

बी-३०४: कव्हरवर १.५ लिहिलंय. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली, फ्रीज मागच्या दारापाशी. वळणं धरून आठेक मीटर.

ए-१०२ नाना: घरात दिव्याला वापरतात ती दीड एमएम, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची. घरात २३० व्होल्ट असतात, एखादा व्होल्ट गेला तर कोणाला कळत नाही. इथं सगळे मिळून बारा. तांब्याच्या दीड एमएम वायरीला मीटरला साधारण ०.०१२ ओहम धर. जाऊन-येऊन सोळा मीटर, म्हणजे ०.१९ झाले. फ्रीज पाच अँपिअर ओढतो, म्हणजे नुसत्या वायरीत जवळजवळ एक व्होल्ट. उरलेला फ्यूजच्या होल्डरमध्ये नाहीतर कुठल्यातरी पीळ मारलेल्या जोडात असणार. कंप्रेसर सुरू होताना करंट आणखी चढतो, तेव्हा तो कट होतो. सहा एमएमची वायर टाकलीस की हाच एक व्होल्ट पाव व्होल्टवर येईल. रविवारी सकाळी आठला खाली ये, मी माझं क्रिम्पिंगचं, म्हणजे वायरीची टोकं दाबून बसवायचं हत्यार घेऊन येतो.

ए-३०१ सेक्रेटरी: एक विनंती. परवा व्हॅनसाठी कॉमन मीटरवरून एक्स्टेंशन लावलेलं होतं आणि वायर गाडी धुतलेल्या पाण्यातून गेली होती. तिथं मुलं खेळतात. विजेच्या बिलाचं आपण नंतर बघू, पण आधी हे सुरक्षित करा.

बी-३०४: चूक झाली, माफ करा. परत होणार नाही.

ए-१०२ नाना: सेक्रेटरींचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बाहेरून २३० व्होल्ट गाडीत घेतले आणि अर्थिंग तुटलेलं असलं, तर अख्खी बॉडी लाइव्ह होऊ शकते. टायर रबराचे, त्यामुळे गाडीला जमीन मिळत नाही. उघड्या पायानं उभं राहून दाराला हात लावणारा माणूसच मग अर्थ होतो. व्हॅनमध्ये शिरतानाच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायची आणि तिचं टेस्टचं बटण दर वेळी दाबून बघायचं. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून मुक्कामाच्या जागी प्लग द्यायला लागलेत, पण त्या प्लगला अर्थिंग आहे का हे आपलं आपणच तपासायचं.

रविवार

बी-३०४: सकाळी आठपासून दीडपर्यंत काम चाललं. नाना, डी-४०१ दादा, तुमचे उपकार विसरणार नाही. काय काय सापडलं ते लिहितो, कोणी जुनी कॅम्पर घेणार असेल तर उपयोगी पडेल.

डॅशबोर्डखालचं अर्थिंग एका रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूनं आवळलेलं होतं. नानांनी आधी काही न उघडता एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि दुसरं टोक त्या स्क्रूला टेकवलं. हेडलाइट चालू होते. काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. मग रंग खरवडून, पॉलिश पेपर मारून, नवीन थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावून आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेली.

फ्रीजच्या फ्यूज होल्डरमध्ये एका बाजूला हिरवी बुरशी चढल्यासारखा गंज. नवीन होल्डर, सहा एमएमची वायर, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. आता बॅटरीवर १२.४ असताना फ्रीजमागे १२.१.

आणखी एक. फ्रीज प्लायवूडच्या पेटीत चारही बाजूंनी बंद बसवलेला होता. कंप्रेसरची गरम हवा तिथंच कोंडत होती, हात घातला तर भट्टी. खाली आणि वर जाळ्या कापल्या. आधी तासातला पाऊण तास घरघर चालायची, आता अर्ध्या तासाच्या आत थांबतो.

ए-१०२ नाना: इन्व्हर्टरचं लिही. ते सगळ्यांनी वाचायला हवं.

बी-३०४: हो. मागच्या बेडखाली हजार वॅटचा इन्व्हर्टर आहे, त्यावर आम्ही मिक्सर आणि इंडक्शन लावायचो. त्याच्या बॅटरीकडच्या वायरी चार एमएमच्या निघाल्या आणि मध्ये फ्यूजच नाही. लाल वायरीचं कव्हर थिंबलपाशी तपकिरी होऊन तडकलेलं, नखानं दाबलं तर करपलेल्या पापडासारखं तुटलं. त्याला लागूनच आईच्या दोन गोधड्या ठेवलेल्या.

ए-१०२ नाना: हजार वॅट भागिले बारा, म्हणजे त्र्याऐंशी अँपिअर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरून नव्वदच्या वर. त्याला निदान पस्तीस एमएमची केबल आणि बॅटरीला लागून फ्यूज पाहिजे. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. म्हणून तो बॅटरीजवळच हवा. फ्रीज बंद पडला तर दूध नासतं. हे पेटलं असतं तर आत माणसं झोपलेली होती.

सी-२०१ काकू: वाचून अंगावर काटा आला.

ए-५०३: बाकी कागदपत्रं बघितलीस का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे केलेल्या बदलाची आरसीवर नोंद लागते. नसेल तर उद्या काही झालं की विम्याचा क्लेम अडकेल.

बी-३०४: आरसीवर आहे. विमा कंपनीला कळवायचं राहिलंय, उद्या करतो.

डी-४०१: इंजिनाचं मी सांगतो. रेडिएटर बदलायची काही गरज नव्हती. पुढे एसीची जाळी, मागे रेडिएटर, आणि दोघांच्या फटीत चिखल, वाळलेलं गवत आणि किड्यांचा थर. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. इंजिनाच्या बाजूनं बाहेर, कमी दाबानं पाणी मारून धुतलं. जोरात मारलं तर पाती आडवी होतात. आत बोअरचं पाणी भरलेलं, म्हणून क्षार. फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. झाकणाचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं. झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. दाब सुटला की घाटात उकळी ठरलेली.

बी-३०४: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, आम्ही जुन्या पातेल्यात दोऱ्यानं लटकवून गॅसवर तापवला, बाजूला थर्मामीटर. त्यावर ८२ छापलंय, म्हणजे तिथून उघडायला लागायला हवा. पाणी उकळायला लागलं तरी अर्धाच उघडला. तोही बदलला.

डी-४०१: आणि घाटात टॉप गियरमध्ये रेटत चढवू नकोस. खालचा गियर टाक, इंजिन जरा फिरू दे, म्हणजे पंप आणि फॅन पण फिरतात. काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल. घामाघूम व्हाल, पण इंजिन वाचेल. गाडी निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर कधीच नाही.

सी-२०१ काकू: इन्सुलिनसाठी फ्रीजमध्ये एक छोटा थर्मामीटर ठेव, न उघडलेलं २ ते ८ डिग्रीमध्ये राहिलं पाहिजे. फ्रीजरच्या भिंतीला चिकटू देऊ नकोस, गोठलं की ते वापरायचं नाही. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, पण त्या कोरड्या हवेत चालतात, मे महिन्यात वेंगुर्ल्याला त्यांचा भरवसा धरू नकोस. माझ्याकडे जेलचे पॅक आहेत, निघण्याआधी घेऊन जा.

पुढचा शनिवार

बी-३०४: काल आईला घेऊन ताम्हिणीत मुक्काम करून आलो. चढताना काटा मध्याच्या पुढे गेला नाही, रात्री दिवे लावल्यावरही नाही. पहाटे तीनला मुद्दाम उठून बघितलं. फ्रीजमागे ११.९ व्होल्ट, आत ५ डिग्री. आईनं झोपेतच विचारलं, चालू आहे ना रे?

ए-१०२ नाना: उत्तम. जुनीच बॅटरी आहे हे त्या गॅरेजवाल्याला पण सांग. पस्तीस एमएमची केबल आणि फ्यूज सोमवारी मिळतील. तोवर इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी मी सोडवून घरी आणून ठेवल्यात, मागू नकोस.