मदत हवी आहे: इंग्रजीतल्या ‘बाय’ (by) आणि ‘टिल’ (till) मध्ये नेमका फरक काय?

प्राची_टी:
दोन्हींचं मराठी ‘पर्यंत’च ना? मग क्लायंटला कळत कसं नाही? आज रात्रीच मेलला उत्तर द्यायचंय, लवकर सांगा प्लीज. डिक्शनरी बघून झाली, त्यात एकट्या ‘बाय’चेच ढीगभर अर्थ आहेत.

सातारी_कंदी:
वाक्य टाका ना ताई. त्याशिवाय काय सांगणार?

मास्तर_वाई:
‘टिल’ लिहूच नका. तो ‘अनटिल’चा शॉर्टफॉर्म. 30 वर्षं इंग्रजी शिकवलंय.

निहोंगो_शिकतेय:
सर, उलट आहे. ‘टिल’ जुना, ‘अनटिल’ नंतरचा. जपानीत तर ‘मादे’ आणि ‘मादे नी’ असे दोन वेगळे शब्दच आहेत. मी दोन्हीकडे ‘पर्यंत’ धरायचे, हमखास मार्क जायचे.

मास्तर_वाई:
जुना असेल. ऑफिसच्या पत्रात ‘अनटिल’च शोभतो.

गल्लीबोळ:
‘टिल’ म्हणजे दुकानातला गल्लासुद्धा. शेत नांगरणं पण. आणि ‘बाय द रिव्हर’ म्हणजे नदीकाठी.

प्राची_टी:
गल्ला नकोय हो! मी लिहिलं होतं: ‘वी विल फिनिश द टेस्टिंग टिल फ्रायडे.’ ते विचारतायत, शुक्रवारी संपलेलं असेल की तोवर चालूच राहणार?

सातारी_कंदी:
हे आधी सांगायचं ना! संपणं एकदाच होतं, त्याला ‘बाय’. चालू राहणं लांबतं, त्याला ‘टिल’. ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत संपवू’ बसतंय, म्हणजे ‘बाय’. ‘दुकान शुक्रवारच्या आत उघडं राहील’ असं कोणी म्हणत नाही, तिथे ‘टिल’.

रत्नांग्रीकर:
शुक्रवारच्या आत म्हणजे आमच्याकडे गुरुवार! ‘बाय फ्रायडे’त शुक्रवार धरतात. यावरून ऑफिसात भांडणं झालीत आमची.

सातारी_कंदी:
धरतात, मान्य. ‘च्या आत’ फक्त ओळखण्यापुरतं.

मास्तर_वाई:
आणि नकार असला की ‘संपणे’लाही ‘टिल’ चालतो. ‘वी वोन्ट फिनिश टिल फ्रायडे’, म्हणजे शुक्रवारशिवाय संपणार नाही. मुलं इथेच चुकतात, ‘बाय’ घालतात आणि अर्थ पालटतो.

प्राची_टी:
‘वी विल फिनिश द टेस्टिंग बाय सिक्स पीएम ऑन फ्रायडे.’ पाठवू?

रत्नांग्रीकर:
सहा आपले की त्यांचे, तेही लिहा.

प्राची_टी:
आपले. घातलं. पाठवला.