पस्तिशीनंतरचं गरोदरपण: तुम्हाला सोबत कोणी केली?

परवा रात्री एका मैत्रिणीचा फोन आला आणि ती नुसती रडत होती. वय ४०, तेरावा आठवडा, पहिलंच. रिपोर्ट ठीक, नवरा समजूतदार, डॉक्टरीणबाई चांगल्या. "मग रडतेस कशाला?" असं मी विचारलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मला सगळे हेच विचारायचे. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणींच्या मुलांना मिसरूड फुटलंय, त्यांना स्वतःच्या उलट्या आठवतसुद्धा नाहीत. दवाखान्यात शेजारी बसणाऱ्या पोरी 'काकू, बसा' म्हणून सरकून जागा देतात. बोलणार कोणाशी?

मी ४१व्या वर्षी पहिलटकरीण झाले. फाइलवर 'एल्डर्ली प्रायमी', म्हणजे वयस्क पहिलटकरीण, असं लिहिलेलं बघून घरी येऊन शोधलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघानं १९५८ सालीच पस्तिशीची रेघ ओढून ठेवली होती. म्हणजे मी जन्माला यायच्या आधीच मला म्हातारी ठरवून टाकलेलं!

मला तगवलं ते एका सत्तावीस वर्षांच्या मुलीनं. सोनोग्राफीच्या रांगेत तिनं मला वय विचारलं नाही, आठवडा विचारला. "बाविसावा." "अय्या, माझापण!" झालं. पुढे रोज रात्री नऊच्या सुमारास तिचा मेसेज यायचा, "आमचं हललं. तुझं?" एकदा शेवटच्या महिन्यात हालचाल खरंच कमी वाटली. मी डाव्या कुशीवर पडून मोजत होते आणि स्वतःची समजूत घालत होते की सकाळी बघू. तिनं फोन करून अक्षरशः हाकललं मला दवाखान्यात. (सगळं ठीक होतं. तरी 'आलात ते बरंच केलंत' असं ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या.) तेव्हापासून माझं मत आहे की या दिवसांत बरोबरीच्या वयाची मैत्रीण लागत नाही, बरोबरीच्या आठवड्याची लागते.

पण हे माझं झालं. तुमचं लिहा. उपदेश नकोत, काय घडलं ते लिहा. मैत्रिणीला वाचायला देणार आहे.

वय ४३, दुसरं बाळ

माझी मोठी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. दोन महिने पाळी आली नाही, रात्री घाम फुटायचा, चिडचिड व्हायची. मी म्हटलं, चला, सुटलो. रजोनिवृत्तीच्या गोळ्या वगैरे काही असतात का ते विचारायला म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खात्रीसाठी सोनोग्राफी केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्यावर काहीतरी लुकलुकत होतं. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय का?"

खरं सांगते, पहिले पंधरा दिवस आनंद बिनंद काही झाला नाही. लाज वाटली. मुलीला कसं सांगू, ऑफिसात कसं सांगू. ऑफिसात एक बाई होत्या, त्यांचं नि माझं कधीच जमलं नाही. मीटिंगमध्ये माझी प्रत्येक गोष्ट खोडून काढायच्या. त्यांना बेचाळिसाव्या वर्षी मुलगा झाला होता हे मला माहीत होतं आणि मीही तेव्हा चार जणींत बसून 'या वयात काय हे' म्हटलं होतं. माझी बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर एक पिशवी. आत पोटावर रुंद इलॅस्टिक असलेल्या तीन पँटी, धुऊन इस्त्री केलेल्या. एकीचं इलॅस्टिक सैल झालेलं, त्याला आतून गाठ मारलेली. वर चिठ्ठी: "काळी आठव्या महिन्यात घाल, बाकीच्या तोवर पुरतील. परत देऊ नकोस, पुढच्या बाईला दे."

पुढच्या बाईला दिल्या नाहीत. मुलगा चार वर्षांचा झाला, मी अजून घरी त्याच घालते. आमचं मीटिंगमध्ये अजूनही जमत नाही.

वय ३९, आयव्हीएफ, पहिलं

तीन वेळा आयव्हीएफ केल्यावर राहिलं. त्यामुळे जो तो म्हणायचा, "जप हं, प्रेशस बेबी आहे." बाकीच्यांची काय भंगारात काढलेली असतात?

आकड्यांबद्दल लिहिते, कारण धागाकर्तीची मैत्रीण तेराव्या आठवड्यात आहे, म्हणजे ती या चक्रात सध्या असणारच. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता काढणाऱ्या एनटी स्कॅन (सोनोग्राफी) आणि डबल मार्करचा (रक्ततपासणी) एकत्र निकाल माझा '१:९०, हाय रिस्क' असा आला. तो कागद मी पर्समध्ये घालून तीन दिवस फिरत होते. बहिणीच्या ओळखीतल्या एका ताईंना हाच निकाल येऊन गेला होता, त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "नव्वदातल्या बाकीच्या एकोणनव्वद जणींचं काय होतं?" मी गप्प. मग त्यांनी समजावून सांगितलं की ही चाळणी आहे, निदान नव्हे. शिवाय हिशोबात आपलं वय आधीच धरलेलं असतं. डाउन सिंड्रोमची शक्यता पस्तिशीला साधारण ३५० मध्ये १ आणि चाळिशीला १०० मध्ये १ असते, त्यामुळे आपल्या वयात निकाल जरा वर सरकूनच येतो. आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं बघणारी एनआयपीटी दहाव्या आठवड्यानंतर कधीही करता येते आणि ती बरीच जास्त नेमकी असते, पण तीही चाळणीच. नक्की सांगते ती अ‍ॅम्निओ, म्हणजे पोटातून सुई घालून गर्भजल काढून केलेली तपासणी, पंधराव्या आठवड्यानंतर. त्यात गर्भपाताचा धोका असतो, पण शंभरात एकापेक्षा कमी.

हे सगळं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. मला ऐकू ताईंचंच आलं. सुई कशी लागते हे डॉक्टर कुठे सांगतात? ताई म्हणाल्या, "टोचल्याचं काही वाटत नाही, आत कोणीतरी हलकेच ओढल्यासारखं होतं, दहा मोजेपर्यंत संपतं." मी मोजलं. चौदा झाले. अंतिम रिपोर्टला दोन आठवडे लागले, त्या दिवसांत त्यांनी एकदाही "आला का रिपोर्ट?" विचारलं नाही. इतर सगळ्यांनी विचारलं.

(रिपोर्ट नॉर्मल आला. पण ज्यांचा येत नाही त्यांनाही सोबत लागते, कदाचित जास्त, हे तेव्हापासून डोक्यात आहे.)

वय ३७

माझं उलट. मला इतर आयांनी सोबत कमी आणि धडकी जास्त भरवली. 'माझा अनुभव सांगते हं' म्हणून सुरुवात, आणि मग फाटलेलं, अडकलेलं, गळ्याभोवती नाळ. सातव्या महिन्यात मला हे ऐकून काय करायचं होतं? मी भेटीगाठी बंद करून टाकल्या. एकच शेजारीण होती, ती बोलण्याआधी विचारायची, "आत्ता ऐकायचंय का, की नुसतं बसू?" बहुतेक वेळा नुसतं बसायचो. वरच्या ताईंनी दहा मोजायला सांगितलं ना, तसं उपयोगाचं सांगणारी शंभरात एखादी.

वय ४१, दुसऱ्यांदा

शीर्षकात 'दुसऱ्यांदा' लिहिलंय ते मुद्दाम. चाळिसाव्या वर्षी नवव्या आठवड्यात पहिलं गेलं. डॉक्टर म्हणाल्या, चाळिशीनंतर तीनातलं एक तरी असं जातं, बहुतेकदा बीजातल्या गुणसूत्रांच्या गडबडीमुळे, तुमच्या काही करण्या-न करण्यानं नाही. मला पटलं. तरी मी महिनाभर मनात हिशोब लावत होते की कोणत्या दिवशी जिने चढले, कधी जड उचललं.

पुन्हा राहिलं तेव्हा पाचवा महिना लागेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. पाळण्याचं नाव काढू दिलं नाही. जे ते म्हणायचं, "झालं गेलं विसर, आता हेच पहिलं समज." एकदा तपासणीत माझ्या कार्डावर 'जी२ पी०' लिहिलेलं दिसलं. बाहेर बाकावर एक बाई होत्या, बऱ्याच अनुभवी वाटल्या, त्यांना अर्थ विचारला. म्हणाल्या, "जी म्हणजे किती वेळा राहिलं, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली. माझं जी४ पी१ आहे." मग त्यांनी त्या तीन न झालेल्यांचे महिने सांगितले. मार्च, नोव्हेंबर, परत मार्च. मी माझा सांगितला. ऑगस्ट. त्यांचं नावही मला माहीत नाही. पण त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा बाळाचे कपडे घेतले.

वय २९

मी या धाग्यात बसत नाही, पण दवाखान्यातल्या त्या 'पोरीं'पैकी एक मी. आमच्या पूर्वतयारीच्या वर्गात एक बेचाळीस वर्षांच्या ताई होत्या. आम्ही सगळ्या डॉक्टर म्हणतील त्याला माना डोलवणाऱ्या. ताई वही घेऊन यायच्या, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, आणि उत्तराची जागा रिकामी राहिली तर उठायच्या नाहीत. "कळा आणण्याचं औषध नेमकं का? थांबलो तर काय होईल?" मग आम्हीही विचारायला शिकलो. त्या म्हणायच्या, तुमच्यात माझी सोबत होते. आम्हाला उलटंच वाटायचं. आणि काकू म्हटल्याबद्दल सॉरी, खरंच!

वय ४२, पहिलं, चौतिसावा आठवडा

वय आणि पहिलटकरीण दोन्ही धरून गरोदरपणातलं बीपी चढण्याचं दुखणं (प्रीएक्लॅम्पसिया) होऊ नये म्हणून डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली होती. तरी व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे, बोटातली अंगठी निघेना. मला वाटलं, ऊन लागलं असेल. माझी मावसबहीण, जिला हे होऊन गेलं होतं, तिच्याशी सहज बोलताना काजव्यांचं तोंडातून निघालं. ती ओरडलीच, "फोन ठेव आणि बीपी बघ. आत्ता." १६०/१०४. १४०/९० ला घंटा वाजते, मी कधीच पुढे गेले होते. तासाभरात ऑपरेशन टेबलवर. मुलगी १९०० ग्रॅमची.

खरी सोबत त्यानंतर. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या बाहेर दूध काढायची एक छोटी खोली होती. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडकीला अर्धाच पडदा. तिथे कोणाला नाव नव्हतं. बाळाच्या खाटेच्या नंबरानं आम्ही ओळखल्या जायचो. मी पाच नंबरची आई. दोन नंबरची आई एकोणीस-वीस वर्षांची असेल, तिचं बाळ सत्ताविसाव्या आठवड्यातलं, तळहाताएवढं. माझ्या लेकीच्या वयाची म्हणा ना. पण त्या खोलीत वय कोणी काढलं नाही. एकच प्रश्न: "आज किती निघालं?" पहिल्या दिवशी माझं बाटलीच्या तळाशी नुसतं ओलं दिसत होतं. दोन नंबर म्हणाली, "ते पण सिरिंजमध्ये ओढून घ्या, वाया घालवू नका." पाचव्या दिवशी १२ मिली झालं तेव्हा रात्री तीन वाजता चार बायकांनी हळू आवाजात टाळ्या वाजवल्या. आतून नर्स रागावली.

मग बाळ छातीशी उघड्या अंगाला लावून बांधायचं, तासन्‌तास. कांगारू पद्धत. इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात सुरू झालेली, असं नर्सनं सांगितलं. मला गाठ मारता यायची नाही, टाके ओढायचे. दोन नंबर मागून गाठ मारून द्यायची आणि म्हणायची, "हलू नका हं, ताई, आता तुम्ही खुंटी."

वय ४०, दोन वर्षांपूर्वी

थोडक्यात लिहिते. सात वर्षं वाट पाहून मुलगा झाला आणि मला काहीच वाटेना. रडायचंही बळ नव्हतं. इतकी वाट पाहिल्यावर तक्रार कोणत्या तोंडानं करायची? लहानपणीच्या मैत्रिणीला, जिची मुलं मोठी आहेत, फक्त म्हटलं, दमलेय. ती म्हणाली, "वाट पाहिली म्हणून दमायचं नाही असं कुठे लिहिलंय?" आणि स्वतः बरोबर येऊन डॉक्टरांकडे बसली. त्यांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचा दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. दहाव्या प्रश्नाशी मी थांबले, तेव्हा मैत्रीण उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, म्हणजे मला खरं लिहिता यावं. औषधं घेतली, आठ महिने. आता बरी आहे. ज्या कोणी असं गप्प बसल्या असतील त्यांनी दमलेय एवढं तरी म्हणा.

वय ४५

बागेत 'नात का?' म्हणून विचारतात. मी 'हो' म्हणते. मुलगी मोठ्यानं 'आई' म्हणून हाक मारते आणि विचारणारी बाई पळते. बस, एवढंच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही. मैत्रिणीला वाचायला दिला. तिनं रात्रभर जागून वाचला, सकाळी फोन. आता रडत नव्हती. जी२ पी० वाल्या ताईंचं तिनं दोनदा वाचलं म्हणाली, का ते मी विचारलं नाही. आणि तिचा एकच प्रश्न आहे, मलाही तोच पडलाय. दोन नंबरच्या बाळाचं पुढे काय झालं?

वय ४२, चौतिसावा आठवडा वाली

दोन नंबर आता साडेतीन वर्षांचा आहे. परवा आईबरोबर आमच्याकडे आला होता, माझा चष्मा तोडून गेला.