बाराव्या फ्रेटवर सूर परफेक्ट, पण ओपन कॉर्ड बेसूर. नट (मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) बदलू का?

सहावी_तार
मंडळी मदत हवीये. स्ट्रॅट टाईप इलेक्ट्रिक गिटार आहे, स्केल (तारेची वाजणारी लांबी) साडेपंचवीस इंच, तारा 10-46 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहाही तारा ट्यूनरवर एकदम मधोमध लागतात, दुकानातून सेटअप करून आणली तेव्हा त्यांनी समोर सॅडल (तारेचं बॉडीकडचं टेकण) सरकवून दाखवलं होतं. तरी ओपन (काही तारा न दाबता वाजवायचा) ई मेजर कॉर्ड वाजवला की कानाला टोचतं, ई कानाने जुळवला की डी कॉर्ड बिघडतो, डी जुळवला की परत ई गेला. घरी रेकॉर्डिंग करतो, कीबोर्डच्या ट्रॅकवर गिटार टाकली की पहिल्या तीन फ्रेटमधलं सगळं चढं ऐकू येतं. शेवटी काल बसून एकेक सूर मोजला. जाड ई तारेचा पहिला फ्रेट 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा, जी तारेचा 12, बीचा 9. पाचव्या फ्रेटपर्यंत गेलं की 3-4 वर येतं. कॉम्पेन्सेटेड नट मागवायचा विचार चाललाय पण बाहेरून येणार, शिपिंग आणि कस्टम धरून जाम महाग पडतंय. घेऊ का?

तारा_आणि_कानस
थांब, अजून काही मागवू नकोस. तू आकडे दिलेस ते फार बरं केलंस, त्यातच उत्तर आहे. पहिल्या फ्रेटवर खूप चढा, पुढे जाता जाता कमी, बाराव्यावर बरोबर, म्हणजे नटच्या खाचा उंच आहेत. तार पहिल्या फ्रेटपासून जितकी वर तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते, आणि नटपासून पहिला फ्रेट तुझ्या स्केलवर फक्त साधारण 36 मिलिमीटर लांब, एवढ्याशा अंतरात तार खाली वाकवायची म्हणजे सूर चढणारच. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या गिटारींत खाचा मुद्दाम उंच ठेवतात, कारण खोल गेली तर ओपन तार खरखरते आणि गिऱ्हाईक लगेच परत आणतो, उंच राहिली तर कोणी तक्रार करत नाही.

आणि सॅडलने हे का सुटत नाही ते बघ. सॅडल 1 मिलिमीटर सरकवलं तर बाराव्या फ्रेटवर साधारण 2.7 सेंटचा फरक पडतो, पण पहिल्या फ्रेटवर जेमतेम 0.16 सेंट. म्हणजे पहिल्या फ्रेटचं दुखणं सॅडलपर्यंत पोचतच नाही, दुकानदाराने कितीही स्क्रू फिरवू देत. उलट नटची कड 1 मिलिमीटर पुढे आली तर दाबलेले सगळेच सूर ओपन तारेच्या मानाने 2.7 सेंट उतरतात. कॉम्पेन्सेटेड नट नेमकं हेच करतो. पण त्याने दोन-तीन सेंट मिळतील, तुला 14 घालवायचेत. म्हणून आधी खाचा.

एक टेस्ट घरीच कर. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लाव, ट्यूनरने परत सगळं जुळव, आणि कॅपोच्या पुढे तोच ईचा शेप वाजव. तिथे गोड लागला की समज नटच दोषी.

पेटी_ते_गिटार
वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली, आणि ती नाही कळली तर तू नट घासत बसशील आणि समाधान होणार नाही. ई मेजरमध्ये जी तारेचा पहिला फ्रेट म्हणजे त्या कॉर्डचा गंधार. समान अंतराच्या बारा सुरांत हा गंधार शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ 14 सेंट चढाच असतो, नट कितीही उत्तम असो. तंबोऱ्याशी गायलेल्यांना हे पेटीवर लगेच जाणवतं. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागे मींड न निघणं आणि हे ठरीव सूर हीच मोठी कारणं होती. आता तुझं काय होतंय तर तू ई कानाने गोड करायला जी तार उतरवतोस, मग डी कॉर्डमध्ये त्याच तारेवर पंचम येतो तो पडतो. वर नटमुळे 12 सेंट जादा, म्हणजे शुद्धापासून 26 सेंट चढा गंधार, टोचणारच की. म्हणून ट्यूनरनेच जुळव, आणि कीबोर्डबरोबर रेकॉर्ड करताना तर कानाने गोड करायच्या भानगडीत पडूच नकोस, तुझा कीबोर्डही त्याच बारा सुरांत आहे.

जंबो_फ्रेट
हात किती जोरात दाबतोस तेही बघ. फ्रेट उंच असतील तर नुसत्या दाबाने काही सेंट चढतात. सूर मोजताना गाण्यात वाजवतोस तसंच दाब, उगाच हलकं नको.

सहावी_तार
कॅपो टेस्ट केली, एकदम स्वच्छ वाजला ई! म्हणजे नटच. दादा खाचा घासायच्या कशा ते सांगाल का, नटच्या खास कानशींचा सेट पण महागच आहे.

तारा_आणि_कानस
सांगतो, नीट वाच. आधी नव्या तारा, कारण जुनी तार स्वतःच खोटं बोलते. मग मानेचा बाक बघ, पावसाळ्यात दमट हवेने तो बदलतो. तार पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला जुळते तिथल्या फ्रेटवर दाबून धर, सातव्या फ्रेटवर 0.2 ते 0.25 मिलिमीटर फट हवी, नसेल तर ट्रस रॉडने (मानेच्या आतली सळी) आण. हे झाल्याशिवाय नटला हात लावू नको.

मग तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघ. नुसती कागदाएवढी हवी, 0.1 मिलिमीटरच्या आसपास, जाड ईला थोडी जास्त चालते. तुझ्याकडे बहुतेक त्याच्या कितीतरी पट निघेल.

कानशींचं म्हणशील तर वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरखरीत सळ्यांचा संच हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, वेगवेगळ्या जाडीच्या असतात, तुझ्या तारेपेक्षा किंचित जाड ती घ्यायची. खाच तारेपेक्षा अरुंद राहिली तर तार अडकते आणि ट्यून करताना टिंग असा आवाज येतो. गॅरेजमध्ये टॅपेटसाठी वापरतात तो फीलर गेजचा संच पण आण. फ्रेटच्या उंचीत 0.15 मिळवून तेवढ्या पात्या नटला लागून फिंगरबोर्डवर ठेवायच्या, कानस त्यांना टेकली की थांबायचं. तार ढिली करून बाजूला घे, चार-पाच हात मार, तार लाव, जुळव, मोज, परत. कंटाळा येतो पण घाई करायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आहे खाचेचा उतार. कानस मागे खुंट्यांकडे उतरती धरायची, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच टेकते. खाच सपाट किंवा उलट उताराची झाली तर तार मागून कुठूनतरी सुटते, ओपन तार लांब होते आणि दाबलेले सूर पुन्हा चढतात, शिवाय सतारीची जवारी उघडल्यासारखा झणझणाट येतो. सतारीला तो हवा असतो आणि मिरजेचे कारागीर घोडी घासून तो मेहनतीने काढतात, आपल्याला इथे अजिबात नकोय. खाच खोल गेलीच तर फेविक्विक आणि हाडाची पूड भरून परत कोरता येते.

सहावी_तार
झालं! जाड ईचा पहिला फ्रेट, म्हणजे एफ, आता 4 सेंट, बीचा सी 3. ओपन कॉर्ड ऐकून विश्वास बसेना, हीच गिटार आहे का. फक्त जी तार अजून 5 सेंटवर अडलीये, फट तर कागदाएवढीच आहे. झीरो फ्रेट (नटच्या लगेच पुढे एक जादा फ्रेट) टाकला तर?

तारा_आणि_कानस
झीरो फ्रेटने उंची बरोबर होते, क्वीन बँडच्या ब्रायन मेच्या रेड स्पेशल गिटारवरही आहे, पण ती उंची तू घासून मिळवलीच आहेस. जी तारेचं कारण वेगळं आहे. ती बिनवेढ्याची, 17 जाडीची, म्हणजे गाभ्याने सहाही तारांत सगळ्यात जाड आणि ताठ, दाबली की जास्तच चढते. इथे मात्र कॉम्पेन्सेशनचा खरा उपयोग आहे. म्युझिक मॅन गिटारींवर येतो तसा नट, ज्यात प्रत्येक तारेची कड वेगळी पुढेमागे असते. घरी करायचं तर जी तारेखाली नटच्या पुढच्या बाजूला हाडाचा 1 मिलिमीटरचा तुकडा खाचेच्याच उंचीला चिकटव, 5 चे सव्वादोनवर येतील. मग बाराव्या फ्रेटचा सूर उतरलेला दिसेल, जेवढी कड पुढे आणलीस तेवढंच त्या तारेचं सॅडल पुढे घे. चिकटवताना गोंदाचा एकच थेंब टाक, म्हणजे नको वाटलं तर नखाने निघेल.